सॅक्सनीचा रकाना

जर्मनीला कुणीही जात नाही. माझ्या टेबलासमोर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं वाक्य हेच ऐकवते, आणि समोरचा माझ्याकडे असा बघतो की जणू मी त्याचा पासपोर्ट फाडला. माणूस बव्हेरियाला जातो, हॅम्बुर्गला जातो, थुरिंगियाला जातो. 'जर्मनी' हा शब्द एजंटच्या फ्लेक्सवर असतो, मागे एक किल्ला आणि बर्फ. खरं गाव करारपत्राच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात लपलेलं असतं. ते गाव शोधायचं, तिथल्या सोळा राज्यांपैकी ते कोणत्या राज्यात बसतं ते सांगायचं, आणि त्या राज्याचं कार्यालय या माणसाचे कागद मान्य करील की परत पाठवील याचा अंदाज द्यायचा, हे माझं काम. सहा वर्षं करते आहे.

संपादकांनी कामाचे अनुभव मागितले तेव्हा मी म्हटलं, असले लेख निवृत्त माणसं लिहितात, मी एकतीस वर्षांची आहे. ते म्हणाले, मग निवृत्त व्हायच्या आत लिहा. लिहिते. पण कौतुकाचं लिहीत नाही. मी छापलेल्या एका ओळीमुळे नशिराबादची एक नर्स चौदा महिने घरी बसून राहिली. पाच शब्दांची ओळ होती. ती मी कशी लिहिली आणि कशी खोडली, ते सांगते.

धुळ्याला देवपुरात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. सोमवार ते गुरुवार तिथे. शनिवारी जळगावला, ओळखीच्या झेरॉक्स दुकानाच्या पोटमाळ्यावर. तिथे उभं राहिलं की डोकं पंख्याला लागतं, म्हणून सगळे वाकूनच नमस्कार करतात. जातिविरोधी चळवळीतली आमची संघटना लहान आहे. मी तिच्यात विद्यार्थी म्हणून आले आणि पत्रकं लिहिता लिहिता मोठी झाले. पत्रकाचे नियम मला सतराव्या वर्षी शिकवले गेले: वाक्य छोटं ठेव, शत्रू पहिल्या ओळीत आण, शंकेला जागा ठेवू नकोस. हे नियम कॉलेजच्या फीवाढीविरुद्ध फार कामी आले. पुढे काय झालं ते पुढे.

काम समजायला एक गोष्ट कळली तरी पुरे. इथल्या नर्सला तिथे लगेच नर्स म्हणून उभं करत नाहीत. तिने इथे किती तास शरीरशास्त्र शिकलं, किती तास वॉर्डात काढले, हे सगळं तिथलं कार्यालय आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं. कमी पडलं तेवढं तिथे जाऊन शिकायचं किंवा परीक्षा द्यायची. आणि हे ताडून बघणारं कार्यालय दिल्लीसारखं एकच नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं. तुम्ही सॅक्सनीत अर्ज केला आणि मग मन बदलून दुसऱ्या राज्यात नोकरी धरली, तर गाडं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून राज्य निवडताना चुकायचं नसतं. एजंट हे सांगत नाहीत. मला त्यांचा राग येतो, आणि हा राग मी लपवत नाही.

पण लोक मला विचारायचे ते भलतंच.

पहिल्याच वर्षी शिंदखेड्याकडच्या एका गावाहून नाना आले, नातीला घेऊन. नात रोहिणी, नर्सिंग झालेली, जर्मन शिकणारी. नाना एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त. मी त्यांच्यापुढे नकाशा पसरला, कार्यालयं समजावली, परीक्षा समजावली. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत आपल्या अहिराणीत विचारलं, "ते बठ्ठं बराबर शे. पन गावना स्वभाव कसा शे?"

"नाना, ते राज्य आहे. राज्याला स्वभाव नसतो, कायदा असतो."

"आसं कसं? धुयाना नि जळगावना स्वभाव एक शे का?"

रोहिणी हसली. मी हसले नाही. मला चीड आली होती. कारण नाना जे करत होते ते मी ओळखलं होतं. आपल्याकडे सोयरीक जमवताना हेच करतात. पाहुणे मुलाच्या घरी चहा पितात, सगळं छान म्हणतात, आणि परतताना स्टँडवरच्या पानवाल्याला, गिरणीत दळण घेऊन आलेल्या बाईला विचारतात, गाव कसं आहे, घर कसं आहे. मुलगी 'देणं' हा शब्दच मला सहन होत नाही. इथे एक मुलगी स्वतःच्या शिक्षणावर नोकरीला निघालीय आणि आजोबा तिचं स्थळ बघतायत! मी त्यांना तसं सुनावलं. शब्द आठवत नाहीत, पण 'सरंजामी' हा शब्द नक्की होता.

नाना शांतपणे म्हणाले, "पोरी, तू तठे जाई वनी का?"

"नाही, मी तिथे कधी गेले नाही."

"मंग तठे जो शे, त्याले इचार ना." आणि त्यांनी माझ्याच पॅडवर, माझ्याच पेनाने रोहिणीकडून सात प्रश्न लिहून घेतले.

हे सात प्रश्न आज माझ्या कामाचा कणा आहेत, म्हणून कबूल करायला हवं की ते माझे नाहीत. पहिल्या आठवड्यात तुमच्या दारात कोण आलं? आजारी पडलात तर आधी कुणाला फोन लावाल? तिथली माणसं शेजारच्या राज्याला काय नावं ठेवतात? म्हाताऱ्यांची बोली कळते का? रविवार कसा जातो? वाटेत कुणी वाकडं बोललं का, आणि बोललं तेव्हा आजूबाजूचे गप्प बसले का? आणि सातवा: तुमच्या सख्ख्या बहिणीला इथे पाठवाल का?

मी आधी गंमत म्हणून ते प्रश्न गेलेल्यांना पाठवले. उत्तरं व्हॉइस नोटवर येऊ लागली आणि माझा नकाशा हलायला लागला. हॅम्बुर्गहून कळलं की तिथे सकाळ असो संध्याकाळ असो, 'मोइन' एवढा एकच शब्द बोलून माणसं भेटतात आणि त्याच शब्दात निरोप घेतात. त्यापेक्षा जास्त बोलणारा बाहेरचा. बव्हेरियाच्या एका खेड्यातून जामनेरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, हे लोक आधी बव्हेरियाचे, मग उरलंच तर जर्मनीचे. आणि सुट्ट्या इतक्या की मला शरम वाटते." बाडेन आणि व्युर्टेम्बर्ग जोडून एक राज्य केलंय, पण बाडेनची बाई व्युर्टेम्बर्गच्या माणसाबद्दल बोलताना आवाज खाली आणते, जसं आपल्याकडे धुळ्याचा माणूस जळगावच्या भरिताचं कौतुक ऐकून विषय बदलतो. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मी परत परत ऐकायची. प्रत्येक राज्य शेजारच्याला कंजूष, आळशी किंवा गावंढळ म्हणतं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

त्या जोडराज्यातूनच, व्युर्टेम्बर्गच्या भागातून, सिद्धार्थचा फोन आला. सिद्धार्थ धुळ्याचा, आमच्याच चळवळीतला, हॉस्पिटलात ब्रदर.

"ताई, माझ्या दारावर पाटी लावलीय."

"कसली?"

"झाडूची. या आठवड्यात जिना तू झाडायचा, असं लिहिलंय. ताई, सहा घरं आहेत इमारतीत. माझ्याच दाराला लावली."

पुढचं त्याने सांगायची गरज नव्हती. त्याच्या आजोबांनी गावकीचा झाडू हातातून टाकला तो कशासाठी, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. सात हजार किलोमीटर जाऊन त्याच्याच दारावर झाडू टांगतात? मी त्या दुपारी घरमालकाला दोन पानी पत्र लिहिलं. माणसाची प्रतिष्ठा, हजारो वर्षांचा अन्याय, सगळं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्र असेल ते. सिद्धार्थने भाषांतर केलं आणि मालकाच्या टपालपेटीत टाकलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. एक पान. सोबत एक तक्ता. तिथे अशी जुनी रीत आहे की इमारतीतल्या प्रत्येक घराने पाळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लावायची. गेल्या आठवड्यात ती पाटी दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे होती. पुढच्या आठवड्यात खुद्द मालकांकडे. खाली मालकांनी लिहिलं होतं की तुमच्या पत्रातून मला भारताबद्दल बरंच समजलं, वाचून वाईट वाटलं, आणि हवं असल्यास तुमची पाळी मी करीन.

सिद्धार्थने पाळी स्वतः केली. पुढे डॉक्टरांचा आठवडा आला तेव्हा त्यांना विचारून त्यांचा फोटो काढून पाठवला: टक्कल, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, हातात झाडू, पायऱ्या. "ताई, हा फोटो आपल्या गल्लीत फ्रेम करून लावायचा. खाली काही लिहायचं नाही." लावला आहे. देवपुरातल्या माझ्या खोलीतही एक प्रत आहे.

या प्रकरणातून कुणीही शहाणं माणूस एक धडा घेईल: विचारल्याशिवाय पत्र लिहू नये. मी दुसराच घेतला. मला वाटलं, आपल्या लोकांना हे आधी माहीत हवं, म्हणजे छापायला हवं. आणि मी पत्रक काढायला बसले.

दोन्ही बाजूंनी छापलेलं मोठं पत्रक होतं. सोळा राज्यं, सोळा रकाने. प्रत्येकात कार्यालयाची रीत, बोली, सुट्ट्या आणि आपल्या माणसांच्या सात उत्तरांचं सार. आमची माणसं तेव्हा सोळांपैकी सातच राज्यांत होती. राहिलेल्या नऊपैकी आठ रकान्यांत मी प्रामाणिकपणे लिहिलं: 'इथे अजून आपलं कुणी नाही. माहिती नाही.'

नववा रकाना सॅक्सनीचा. तिथेही आपलं कुणी नव्हतं. पण सॅक्सनीबद्दल मी बातम्या पाहिल्या होत्या. परक्यांविरुद्धचे मोर्चे, झेंडे, ओरडणारे चेहरे. ते दृश्य बघताना माझ्या मुठी वळल्या होत्या. 'माहिती नाही' हे शब्द तिथे लिहिणं मला भित्रेपणाचं वाटलं. मी लिहिलं, 'इथे आपल्या माणसाने जाऊ नये.' आणि ती एकच ओळ ठळक केली.

पत्रक गाजलं. एजंट चिडले, म्हणून मी खूश.

मे महिन्यात जळगावच्या पोटमाळ्यावर वाकून प्रज्ञा आली, मागे तिचे वडील. नशिराबादचं बौद्ध कुटुंब. वडिलांना सगळे आबा म्हणतात. जळगावच्या एका डाळमिलमध्ये फिटर. आई अंगणवाडी सेविका. प्रज्ञा एका खाजगी दवाखान्यात नर्स, वॉर्डाची ड्यूटी करून जर्मन शिकलेली, परीक्षा पहिल्याच फटक्यात पास. तिला पत्र आलं होतं. कागदही मान्य झाले होते, थोडं शिक्षण तिथे जाऊन पुरं करायचं. तिने दवाखान्याला राजीनाम्याची नोटीसही दिली होती. पत्र सॅक्सनीतल्या डोंगरातल्या एका लहान गावच्या हॉस्पिटलचं होतं. त्यांना दोन नर्स हव्या होत्या. दुसरं पत्र, हे मला नंतर कळलं, नानांच्या रोहिणीला होतं.

आबांनी खिशातून माझं पत्रक काढलं. घडीवर घडी घालून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं. बोट ठेवून ती ओळ वाचली.

"ताई, हे कोनं सांगलं?"

"आबा, सगळ्या जगाला माहीत आहे."

"तिथलं आपलं कोनी?"

"आपलं कुणी तिथे जाऊच नये म्हणून तर लिहिलंय."

आबा म्हणाले, "आमच्या घरात छापील कागदाले मान आहे. आमचे वडील शाळेत गेले नाही. पत्रकं ऐकून ऐकून शहाणे झाले. कोनी वाचून दाखवायचं, ते पाठ करायचे." आणि पत्रकाची घडी परत तशीच घातली, पाकिटात ठेवली. "मंग नाही पाठवत."

प्रज्ञा खाली बघत होती. मला वाटलं, तिला पटलं. मी तिला दुसरं राज्य सुचवलं, अर्ज नव्याने भरून दिला, आणि त्या शनिवारी घरी जाताना मला अगदी समाधान वाटत होतं. एका मुलीला मी वाचवलं होतं.

नाना दोन दिवसांनी देवपूरला आले. मी त्यांनाही ओळ दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"आठे सात उत्तरं कोठे शेत?"

"नाना, तिथे आपलं कुणी नाही."

"मंग हाई कोन बोलस?"

मी काहीतरी मोठं बोलले. नानांनी ऐकलं, आणि उठता उठता म्हणाले, "छापेल कागदवर मी नातले धाडत नही. नि छापेल कागदवर थांबाडत बी नही." मग त्यांनी काय केलं ते ऐका. रोहिणीला त्या हॉस्पिटलला फोन लावायला सांगितलं, आणि बड्या साहेबाशी बोलू नको, वॉर्डात बाहेरदेशची कुणी नर्स आहे का ते विचार, म्हणून बजावलं. एक निघाली, केरळची. तिला रोहिणीने सातही प्रश्न विचारले. माझे प्रश्न, म्हणजे नानांचे. उत्तरं ऐकून नाना म्हणाले, जा. पावसाळा संपताना रोहिणी गेली. मी तिला निरोप द्यायला गेले नाही. राग होता.

प्रज्ञाचं दुसऱ्या राज्यातलं कागदाचं गाडं रुतलं. तिथल्या कार्यालयाला तिच्या अभ्यासक्रमाचे तासवार तपशील हवे होते, आणि जिथून ती शिकली ती संस्था तोवर बंद पडलेली. एकेका सहीसाठी ती निवृत्त शिक्षिकांच्या घरी फिरत होती. मी सोबत जायची, पत्रं लिहायची, जोरात भांडायची. अर्ज दोनदा परत आला. दवाखान्यातली तिची जागा भरली गेली होती. ती नशिराबादला घरोघरी इंजेक्शनं द्यायला, सलाइन लावायला जाऊ लागली. एकदा तिची आई मला फोनवर म्हणाली, "संध्याकाळी परसात उभी राहून भिंतीशी जर्मन बोलते हो ताई. विसरू नये म्हणून. शेजारचे विचारतात, काय झालं पोरीले?"

तरी मला माझ्या ओळीबद्दल शंका आली नाही. मला राग आला तो त्या दुसऱ्या राज्याच्या कार्यालयाचा.

पुढच्या जुलैत रोहिणीची व्हॉइस नोट आली. सतरा मिनिटांची. मी न मागता पाठवलेली. तिने प्रश्नांचे नंबर सांगून उत्तरं दिली होती.

"ताई, पहिल्याचं उत्तर, पहिल्या आठवड्यात दारात कुणी आलं नाही. तीन आठवडे कुणी आलं नाही. जिन्यात भेटले तर मान हलवायचे, बस. मी रडले, खोटं कशाला सांगू. मग खालच्या मजल्यावरची म्हातारी आली, फ्राऊ क्राउझे. म्हणाली, तुझं पोरगं आहे का? नाही म्हटलं. म्हणाली, आमची सगळी पोरं गेली, पश्चिमेकडे, कामासाठी. या गल्लीत आता तरुण म्हणजे तू आणि केरळवाली. इथे खाणी होत्या, बंद पडल्या. माणसं चिडकी आहेत ताई, पण कशावर चिडलीत ते त्यांनाच नीट माहीत नाही."

बोलीबद्दल ती म्हणाली, "पुस्तकातलं जर्मन इथे कुणी बोलत नाही. सगळं मऊ करून बोलतात, आणि बाकी सगळा देश त्यांच्या बोलीला हसतो. म्हणून बाहेरच्यापुढे तोंडच उघडत नाहीत. ताई, आपण पुण्याला गेल्यावर 'शे' म्हणायला लाजतो ना, तसं. मी त्यांच्यासारखं दोन शब्द बोलले, तर वॉर्डातला एक आजोबा इतका हसला की त्याचं बीपी मोजावं लागलं."

डिसेंबरात त्या गावात प्रत्येक खिडकीत लाकडी कमानीवर दिवे लावतात. फ्राऊ क्राउझे न विचारता वर आली आणि रोहिणीच्या खिडकीत आपली जुनी कमान ठेवून गेली. प्रेमाने काही बोलली का? नाही. म्हणाली, एक खिडकी अंधारी राहिली की गल्ली वाईट दिसते.

मग सहावा प्रश्न.

"दोनदा झालं ताई. एकदा बसमध्ये एक माणूस मला घाण बोलला. सगळे खिडकीबाहेर बघत होते. ड्रायव्हरने बस थांबवली, दार उघडलं आणि बसून राहिला. बोलला काहीच नाही. चार मिनिटं बस उभी. शेवटी तो माणूस उतरला, मग बस सुटली. दुसऱ्यांदा रस्त्यात झालं, तेव्हा कुणीच काही केलं नाही. दोन्ही लिहा. एकच लिहू नका."

आणि सातवं: "माझ्या बहिणीला पाठवीन. आणि ताई, प्रज्ञाची जागा अजून रिकामी आहे. दुसरी नर्स त्यांना मिळालीच नाही. मोठ्या सिस्टर मला विचारतात, ती का आली नाही? मी काय सांगू? तुम्हाला ती ओळ कुणी सांगितली होती?"

मी सतरा मिनिटं पुन्हा ऐकली. भिंतीवर डॉक्टरांचा झाडूवाला फोटो होता. त्याच्याकडे बघवेना.

शनिवारची वाट न बघता मी जळगावला गेले, तिथून नशिराबादला. आबा मिलमधून नुकतेच आले होते, हात धूत होते. आईने चहा ठेवला. प्रज्ञा कुणाच्या तरी घरी सलाइन लावून आली आणि दाराशी टेकून उभी राहिली. मी पत्रकात बोलते तसं बोलायला गेले आणि जमेना. शेवटी सरळ सांगितलं.

"आबा, तुम्ही विचारलं होतं कुणी सांगितलं. कुणीच नाही. मी टीव्ही बघून लिहिलं."

आबांनी हात पुसले. आत गेले, पाकीट घेऊन आले. पत्रकाच्या घड्या झिजून आता तिथे भोकं पडली होती. त्यांनी ते माझ्यापुढे पसरलं आणि पेन दिलं.

"तुमी छापलं, तुमीच खोडा."

मी ओळ खोडली. रेघ वाकडी आली. ओळीवर रेघ मारून झाल्यावर पेन माझ्या हातातच होतं, आणि सवय कुठे जाते? मी बाजूला लिहायला लागले, 'इथे जरूर जा'. 'इथे ज' एवढं झालं असेल, आबांनी पत्रकावर हात ठेवला.

"थांबा. पुन्हा तेच करून राह्यल्या तुमी. पोरीले इचारा."

आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं. मला त्या चौदा महिन्यांत पहिल्यांदाच लक्षात आलं की तिच्यासाठी इतकी भांडणं केली, पण तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

"मला जायचं होतं," ती म्हणाली. "तेव्हाच जायचं होतं. त्या मोर्चांच्या बातम्या मीही पाहिल्या होत्या ताई. मी नशिराबादला वाढले, माणसाला बाहेरचं कसं ठरवतात ते मला तुम्ही शिकवायला नको होतं. पण त्या दिवशी पोटमाळ्यावर आबांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही आबांना सांगितलं. मला कुणी विचारलं?"

आबा खाली बसले. म्हणाले, "माझं बी चुकलं. कागदाले मान दिला, पोरीले नाही."

"आता विचारते," मी म्हटलं. "काय करायचं?"

"रोहिणीचा नंबर द्या," प्रज्ञा म्हणाली. "बाकी मी बघते."

आणि तिने बघितलं. मी एकही पत्र लिहिलं नाही. सॅक्सनीतली मान्यता तिने परत केलीच नव्हती. मी सांगितलं होतं तरी ती फाइल तिने बंद केली नव्हती. कपाटात साड्यांखाली ठेवली होती. तिने रोहिणीशी बोलून मोठ्या सिस्टरना स्वतः फोन केला. चौदा महिने भिंतीशी बोललेली भाषा, म्हणाली, थोडी गंजली होती, पण पहिल्या पाच मिनिटांत सुटली. फेब्रुवारीत ती गेली. आबा आणि आई सोडायला मुंबईपर्यंत आले, मीही गेले. विमानतळाच्या दाराशी मला काही शहाणपणाचं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. एवढं मात्र मला जमलं.

पत्रकाची नवी आवृत्ती या दिवाळीत निघते आहे. जुन्या आठ रकान्यांपैकी तीन आता भरलेत, पाच अजून 'माहिती नाही'वर आहेत. ते लिहिताना हात आता अडत नाही. एजंटांचा राग कायम आहे, तो माझा मी सांभाळते. सॅक्सनीच्या रकान्यात रोहिणीची सात उत्तरं आहेत आणि त्याखाली प्रज्ञाची सहा. तिच्या उत्तरांत फ्राऊ क्राउझे आहे, खिडकीतली कमान आहे, आणि सहाव्यात जे आहे ते वाचायला सोपं नाही. तसंच छापलं आहे. सातव्यापुढे कोरी रेघ. तिची धाकटी बहीण यंदा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून प्रज्ञाला ते उत्तर लिहायला घाई नाही. एक वर्ष पुरं होऊ दे, मग सांगते, म्हणाली. छापखान्यातल्या भाऊंनी प्रूफ बघून विचारलं, ताई, इथे काही राहून गेलंय का? म्हटलं, नाही, तसंच जाऊ द्या.

दर रविवारी सकाळी आबांचा फोन येतो.

"सातवं आलं का?"

"नाही आबा."

"असू द्या. पोरीले घाई नका करू." मग फोन ठेवण्याआधी, दर रविवारी, न चुकता: "आन् तुमी भरू नका."